डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके: फ्लोटर्ससोबत जगताना आणि उपचार निवडताना

पांढऱ्या भिंतीकडे, निरभ्र आकाशाकडे किंवा मोबाइलच्या उजळ स्क्रीनकडे पाहताना काहींना डोळ्यांपुढे काळे ठिपके, धागे, कोळ्याचे जाळे किंवा माशी उडाल्यासारखे काहीतरी दिसते. नजर हलवली की तेही हलते आणि नीट पाहायला जावे तर बाजूला सरकते. यांना फ्लोटर्स म्हणतात. लॅटिन भाषेतल्या त्यांच्या जुन्या नावाचा अर्थही ‘उडत्या माशा’ असाच आहे.

बहुतेक फ्लोटर्स निरुपद्रवी असतात. पण या एका वाक्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. काहीजण अचानक आलेल्या नव्या फ्लोटर्सकडे दुर्लक्ष करतात आणि उशिरा येतात. काहींना तपासणी नॉर्मल आल्यावर ‘काही नाही, सवय होईल’ एवढेच ऐकायला मिळते, प्रत्यक्षात त्यांचे वाचन, गाडी चालवणे, कामातले लक्ष सगळे बिघडलेले असते.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला प्रश्न: हे धोक्याचे आहे का? नव्या लक्षणांसाठी याचे उत्तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मिळायला हवे. दुसरा प्रश्न: धोका नाही पण त्रास आहे, तर उपचार करावा का? या प्रश्नाला घाई नसते. त्याला काही महिने द्यावेत आणि निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

लगेच नेत्रतज्ज्ञांकडे कधी जावे?

खालीलपैकी एकही लक्षण असेल तर सकाळची किंवा सोमवारची वाट पाहू नका. जवळच्या नेत्रतज्ज्ञांना फोन करा किंवा नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयात जा.

- अचानक खूप ठिपके दिसू लागणे, काजळी किंवा काळी पूड उधळल्यासारखे वाटणे
- डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखा किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा प्रकाश वारंवार दिसणे
- नजरेच्या एका बाजूने काळा पडदा किंवा सावली पुढे येणे
- नजर अचानक धूसर होणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे
- डोळ्याला मार लागल्यानंतर किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नवे फ्लोटर्स दिसणे
- फ्लोटर्ससोबत डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे
- मधुमेह असताना लालसर किंवा काळे धागे, ढग दिसणे

यातल्या बहुतेक गंभीर आजारांत डोळा दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे काही नसेल’ हा हिशेब इथे चुकतो.

फ्लोटर्स कशामुळे दिसतात?

डोळ्याच्या आतली मोठी पोकळी पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. त्याला व्हिट्रियस म्हणतात. ही साधारण ४ मिलिलिटर जेली बहुतांश पाण्याची असते. तिला आकार देतात ते कोलॅजनचे अतिशय बारीक तंतू आणि हायलुरोनिक आम्ल. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर रेटिना म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो असतो. समोरून आलेला प्रकाश या जेलीतून जाऊन पडद्यावर पडतो.

वय वाढते तशी ही जेली ठिकठिकाणी पातळ होते आणि तंतू एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. या गुठळ्यांची सावली पडद्यावर पडते. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे ही सावली. उजेडात बाहुली लहान होते आणि सावली अधिक रेखीव पडते. त्यामुळे फ्लोटर्स उन्हात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर जास्त जाणवतात, अंधाऱ्या खोलीत कमी.

पुढे एक दिवस आकसलेली जेली पडद्यापासून सुटते. याला डॉक्टर थोडक्यात पीव्हीडी म्हणतात. पन्नाशीनंतर हे वाढत्या प्रमाणात दिसते आणि वृद्धापकाळापर्यंत बहुतेकांना होते. जेली सुटताना पडद्याला ओढ बसते. पडद्याला वेदना कळत नाही. ओढ बसली की त्याला प्रकाशच जाणवतो, म्हणून चमक दिसते. दृष्टीच्या नसेभोवती चिकटलेला जेलीचा भाग सुटला की मोठा गोल किंवा अर्धगोल फ्लोटर दिसतो. त्याला वाइस रिंग म्हणतात.

पुढील व्यक्तींना फ्लोटर्स लवकर किंवा जास्त प्रमाणात दिसू शकतात:

- चष्म्याचा मायनस नंबर असलेले, विशेषतः उणे ६ पेक्षा जास्त
- मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले
- डोळ्याला पूर्वी मार लागलेले
- डोळ्याच्या आत सूज येऊन गेलेले

प्रत्येक फ्लोटर वयामुळेच येतो असे नाही

मधुमेहात पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्या फुटून जेलीत रक्त उतरते. रुग्णाला ते फ्लोटर्ससारखे दिसते. भारतात तरुण पुरुषांमध्ये ईल्स नावाचा आजार तुलनेने अधिक आढळतो. त्यातही रक्तवाहिन्यांना सूज येते, वरचेवर रक्तस्राव होतो आणि पहिली तक्रार बऱ्याचदा ‘डोळ्यांपुढे काळे दिसते’ एवढीच असते. टॉक्सोप्लाझ्मा किंवा क्षयरोगाशी संबंधित सूज, क्वचित डोळ्यातला कर्करोग यांमुळेही जेली गढूळ होते. अशा वेळी उपचार मूळ आजारावर करायचा असतो.

सगळे ठिपके फ्लोटर्स नसतात हेही लक्षात घ्या. नजर स्थिर ठेवल्यावर एकाच जागी राहणारा, न तरंगणारा काळा डाग पडद्याच्या किंवा नसेच्या आजाराचा असू शकतो. दोन्ही डोळ्यांत दिसणारी, नागमोडी, लुकलुकणारी रेषा जी हळूहळू पसरते आणि अर्ध्या तासाच्या आसपास नाहीशी होते, ती बऱ्याचदा अर्धशिशीची असते. दोन्ही बाबतीत निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

पहिली तपासणी एवढी महत्त्वाची का?

जेली सुटताना ती एखाद्या ठिकाणी पडद्याला घट्ट चिकटलेली असेल तर तिथे पडद्याला चीर पडते. फ्लोटर्स किंवा चमक अशी नवी लक्षणे घेऊन आलेल्या आणि पीव्हीडी आढळलेल्या रुग्णांत साधारण १४ टक्क्यांना, म्हणजे सातांत एकाला अशी चीर असते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. त्या चिरेतून पाणी पडद्यामागे गेले की पडदा भिंतीपासून सुटू लागतो. यालाच आपण ‘पडदा सरकला’ म्हणतो.

चीर वेळेत सापडली तर तिच्याभोवती लेसर करून पडदा तिथे पक्का करता येतो. हे बाह्यरुग्ण विभागात, थेंब टाकून डोळा बधिर करून होते. दाखल व्हावे लागत नाही. लेसरची पकड पक्की व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पडदा सरकल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया लागते आणि पडद्याचा मध्यभाग सुटलेला असेल तर नजर पूर्वीसारखी होईलच असे नाही. काही दिवसांच्या उशिराने एवढा फरक पडतो.

चिरेवरचा हा लेसर फ्लोटर्स घालवण्यासाठी नसतो. तो पडदा वाचवण्यासाठी असतो. लेसरनंतर फ्लोटर्स तसेच दिसले तर उपचार फसला असे समजू नका.

तपासणीत काय होते:

- थेंब टाकून बाहुली मोठी केली जाते. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड टोचतो. त्या दिवशी दुचाकी किंवा गाडी स्वतः चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोबत न्या. गॉगल जवळ ठेवा.
- डॉक्टर डोक्यावर दिवा लावून, भिंग धरून पडद्याच्या कडेपर्यंत पाहतात. काही वेळा डोळ्याला बाहेरून हलका दाब देतात. थोडे अस्वस्थ वाटते, इजा होत नाही.
- रक्तामुळे आतले दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. पडद्याच्या मध्यभागासाठी ओसीटी स्कॅन लागू शकतो.

फक्त चष्म्याचा नंबर तपासून किंवा बाहुली मोठी न करता ‘सगळे ठीक’ असे कळले असेल तर ही तपासणी अपुरी आहे. बाहुली मोठी करून पडदा पाहावा, अशी विनंती करा.

तपासणी नॉर्मल आली तरी काम पूर्ण झालेले नसते. जेली पूर्ण सुटायला काही आठवडे लागतात. पहिल्या वेळी चीर नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्क्यांना पुढच्या सहा आठवड्यांत चीर आढळते. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. ती तारीख चुकवू नका आणि मधल्या काळात लक्षणे वाढली तर तारखेची वाट पाहू नका. दुसऱ्या डोळ्यातही काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हेच होण्याची शक्यता असते, तेव्हा त्याचीही तपासणी तितक्याच तातडीने करावी.

तपासणी नॉर्मल, तरीही त्रास का होतो?

तक्त्यावरची अक्षरे शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतात, नजर ६/६ आहे, तरीही ‘नीट दिसत नाही’ अशी तक्रार असते. यात विरोधाभास नाही. तक्ता पांढऱ्यावर गडद काळ्या अक्षरांचा असतो. रोजच्या जगण्यात आपण फिकट फरकांवर अवलंबून असतो: धुक्यातली गाडी, पायरीची कड, राखाडी रंगातला मजकूर. फ्लोटर्स असणाऱ्या काही रुग्णांत नेमकी ही फिकट फरक ओळखण्याची क्षमता घटलेली आढळते. अक्षरांचा तक्ता ती मोजत नाही.

सिंगापूरमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लोटर्सच्या रुग्णांना काल्पनिक प्रश्न विचारले गेले: फ्लोटर्स पूर्ण जाणार असतील तर तुम्ही काय सोसायला तयार आहात? उरलेल्या आयुष्यातील दर १० वर्षांमागे सरासरी १.१ वर्ष सोडण्याची आणि अंधत्वाचा सरासरी ७ टक्के धोका पत्करण्याची त्यांची तयारी होती. त्रास किती खोल असू शकतो याचे हे चित्र आहे. कुटुंबीयांनी ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नये, ते यासाठीच.

याच अभ्यासातून दुसरी गोष्टही दिसते. त्रासाच्या भरात माणूस मोठा धोका पत्करायला तयार होतो. त्यामुळे उपचाराचा निर्णय पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नये.

याच्या उलट उदाहरणही आहे. ॲस्टेरॉइड हायलोसिस या स्थितीत जेलीत शेकडो पांढरे चमकदार कण असतात. डॉक्टरांना आतले दृश्य तारांगणासारखे दिसते, पण रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही. त्यामुळे डोळ्यात काय दिसते यावरून उपचार ठरवता येत नाही. रुग्णाचे कोणते काम अडते हे पाहावे लागते.

सवय होते म्हणजे नेमके काय होते?

दोन गोष्टी होतात. जेलीतल्या गुठळ्या हळूहळू खाली किंवा पडद्यापासून पुढे सरकतात. त्यामुळे सावली नजरेच्या मध्यापासून दूर जाते किंवा पुसट होते. दुसरे म्हणजे मेंदू वारंवार येणारी, अर्थ नसलेली सावली गाळून टाकायला शिकतो. नाकाचा शेंडा किंवा चष्म्याची फ्रेम सतत नजरेत असूनही आपल्याला जाणवत नाही, तसेच हे. अनेकांना तीन ते सहा महिन्यांत फरक पडतो. फ्लोटर पूर्ण नाहीसा होत नाही, तो त्रास द्यायचा थांबतो.

या काळात उपयोगी पडणाऱ्या गोष्टी:

- मोबाइल आणि कॉम्प्युटरवर गडद पार्श्वभूमी ठेवा, उजेड कमी करा. स्क्रीनवर खिडकीचा प्रकाश थेट पडू देऊ नका.
- बाहेर उन्हात गॉगल आणि टोपी वापरा. घरात किंवा रात्री गॉगल घालू नका.
- वाचताना मध्ये आलेला फ्लोटर हटवण्यासाठी डोळे दोन-तीनदा वर-खाली फिरवा. आतली जेली हलते आणि सावली थोडा वेळ बाजूला जाते.
- चष्म्याचा नंबर अचूक ठेवा. डोळे कोरडे पडत असतील तर त्यावर उपचार घ्या. दोन्हींमुळे एकूण धूसरपणा कमी होतो आणि फ्लोटरही कमी टोचतो.
- ‘अजून आहे का’ म्हणून दिवसातून अनेकदा भिंतीकडे पाहून तपासू नका. जितके लक्ष द्याल तितके मेंदूला ते गाळणे अवघड जाते. बदल पाहायचाच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकेक डोळा झाकून पाहा.
- झोप उडाली असेल, सतत भीती वाटत असेल, काम टाळावेसे वाटत असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. समुपदेशन किंवा मनोविकारतज्ज्ञांची मदत घेतल्याने तुमचा त्रास ‘खोटा’ ठरत नाही.

घरगुती उपाय आणि व्हॉट्सॲपवरचे सल्ले

अननस खाल्ल्याने फ्लोटर्स विरघळतात असा संदेश फिरत असतो. त्यामागे भक्कम पुरावा नाही आणि मधुमेह असताना औषध म्हणून रोज अननस खाणे साखरेसाठी अडचणीचे ठरते. काही पूरक गोळ्यांनी त्रास थोडा कमी झाल्याचे छोट्या अभ्यासात नोंदले आहे, पण ठरलेला उपचार म्हणावा एवढा पुरावा अजून जमलेला नाही. डोळ्यांचे व्यायाम किंवा त्राटक यांनी जेलीतल्या गुठळ्या जात नाहीत.

डोळ्यात मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, दूध असे काहीही टाकू नका. फ्लोटर डोळ्याच्या आत असतो, तिथपर्यंत हे पोहोचत नाही. बुबुळाला जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. फ्लोटर्स विरघळवणारे सिद्ध झालेले थेंबही आज उपलब्ध नाहीत.

उपचाराचे तीन पर्याय

१. थांबणे आणि लक्ष ठेवणे

बहुतेकांसाठी हाच योग्य पर्याय आहे. यात डोळ्याला कोणताही धोका नाही आणि पुढचे दोन्ही मार्ग खुले राहतात. उणीव ही की फ्लोटर कधी सरकेल हे सांगता येत नाही आणि काहींचा त्रास सहा महिन्यांनंतरही तसाच राहतो.

२. याग लेसर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागे जाळी येते, ती ज्या प्रकारच्या लेसरने साफ करतात, त्याच प्रकारचा लेसर इथे वापरतात. मात्र ती जाळी आणि फ्लोटर या वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्यांची ‘जाळी’ पाच मिनिटांत गेली म्हणून आपला फ्लोटर तसाच जाईल असे नाही.

लेसरने गुठळीचे बारीक तुकडे होतात किंवा ती बाजूला सरकते. बाह्यरुग्ण विभागात होते, कापाकापी नसते, पण एकापेक्षा जास्त वेळा यावे लागू शकते. गुठळी मोठी, एकटी, रेखीव आणि भिंग व पडदा दोन्हींपासून पुरेशी दूर असेल तरच हा पर्याय विचारात घेता येतो. वाइस रिंग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बारीक, पसरलेले किंवा पडद्याजवळचे फ्लोटर्स यासाठी योग्य नसतात. तरुण रुग्णांचे बरेचसे फ्लोटर्स पडद्याजवळचे असतात.

पुरावा काय सांगतो? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात वाइस रिंगचा त्रास असलेले ५२ रुग्ण होते. ३६ जणांना खरा लेसर आणि १६ जणांना नकली लेसर देण्यात आला. सहा महिन्यांनी खऱ्या लेसरच्या गटाने सरासरी ५४ टक्के, तर नकलीच्या गटाने ९ टक्के सुधारणा सांगितली. खऱ्या लेसरनंतर ५३ टक्के रुग्णांनी खूप किंवा पूर्ण फरक पडल्याचे सांगितले, नकली गटात असे कोणीच नव्हते. म्हणजे योग्य रुग्णात उपयोग होतो, पण जवळजवळ निम्म्यांना मोठा फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता हेही लक्षात ठेवावे.

भिंगाला इजा होऊन मोतीबिंदू, पडद्याला इजा, डोळ्याचा दाब वाढणे अशा गुंतागुंतींची नोंद झालेली आहे. काही वेळा एका मोठ्या फ्लोटरऐवजी अनेक लहान दिसू लागतात.

३. व्हिट्रेक्टॉमी शस्त्रक्रिया

यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपासची तीन सूक्ष्म छिद्रे पाडून जेली काढतात आणि तिच्या जागी क्षारयुक्त द्रव भरतात. हा द्रव डोळा स्वतःच्या पाण्याने बदलून घेतो. बहुतेकदा डोळा बधिर करून शस्त्रक्रिया होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. काही आठवडे थेंब टाकावे लागतात.

फ्लोटर्स घालवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. अभ्यासांत दहापैकी साधारण नऊ रुग्ण समाधानी असल्याचे दिसते. पण किंमतही नीट समजून घ्या:

- मोतीबिंदू: स्वतःचे नैसर्गिक भिंग असलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना पुढच्या काही वर्षांत मोतीबिंदू होतो आणि त्याची शस्त्रक्रिया लागते.
- पडदा फाटणे किंवा सरकणे: वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण शंभरात साधारण १ ते ५ इतके आढळते. मायनस नंबर मोठा असेल किंवा जेली अजून पडद्यापासून सुटलेली नसेल तर धोका वाढतो.
- डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग: हजारात एकापेक्षाही कमी वेळा, पण झाला तर नजर जाऊ शकते.
- रक्तस्राव, दाब कमी-जास्त होणे, पडद्याच्या मध्यभागी सूज येणे.

या शस्त्रक्रियेत वायू भरावा लागला तर तो विरेपर्यंत विमानप्रवास करता येत नाही आणि काही दिवस डोके ठरावीक स्थितीत ठेवावे लागते. फक्त फ्लोटर्ससाठीच्या शस्त्रक्रियेत सहसा त्याची गरज पडत नाही.

मधुमेहातील रक्तस्राव किंवा सरकलेला पडदा यासाठीची व्हिट्रेक्टॉमी नजर वाचवण्यासाठी असते, तिथे गणित वेगळे असते. फक्त फ्लोटर्ससाठी करताना आपण ६/६ पाहणाऱ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करत असतो. म्हणूनच बरेच डॉक्टर हात आखडता घेतात.

तुमच्यासाठी काय योग्य?

‘फ्लोटर किती मोठा आहे’ यापेक्षा ‘त्याने माझे काय थांबवले आहे’ हा प्रश्न उपयोगी पडतो. एक साधी वही करा. दोन आठवडे रोज तीन गोष्टी लिहा: आज कोणते काम अडले, किती वेळ, आणि दहापैकी त्रास किती. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तसेच दोन आठवडे लिहा. आकडे उतरत असतील तर थांबणे काम करत आहे. तेवढेच राहिले किंवा वाढले, तर डॉक्टरांशी पुढच्या पर्यायाविषयी बोलायला तुमच्याकडे ठोस माहिती असेल.

समजा, वय ३२, नंबर उणे ७, दिवसभर कॉम्प्युटरवर काम, दोन्ही डोळ्यांत बारीक धागे. इथे त्रास मोठा असला तरी लेसर सहसा बसत नाही आणि शस्त्रक्रियेत पडद्याचा धोका जास्त. स्क्रीनची मांडणी, वेळ आणि चिंतेवर उपचार यांना आधी पूर्ण संधी देणे शहाणपणाचे.

समजा, वय ६६, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, जेली पूर्ण सुटलेली, वर्षभर नजरेच्या मध्यातच राहिलेला मोठा फ्लोटर, वाचन बंद पडलेले. इथे मोतीबिंदूचा प्रश्न उरलेला नाही, पडद्याचा धोका तुलनेने कमी आहे आणि गमावलेली गोष्ट मोठी आहे. अशा व्यक्तीने पडद्याच्या तज्ज्ञांशी लेसर किंवा शस्त्रक्रियेबद्दल बोलणे रास्त आहे.

समजा, वय ५८, फ्लोटर दीड महिन्यापूर्वी आलेला, मोतीबिंदू थोडासा. इथे उत्तर ‘अजून नाही’ हे आहे. दुसऱ्या तपासणीला जा आणि वही सुरू करा. पुढे मोतीबिंदूसाठी मल्टिफोकल भिंगाचा विचार असेल तर फ्लोटर्सचा त्रास आधी सांगा, कारण अशा भिंगांनी फिकट फरक ओळखण्याची क्षमता आणखी थोडी घटते.

उपचारापूर्वी डॉक्टरांना हे विचारा:

- माझी जेली पडद्यापासून पूर्ण सुटली आहे का?
- पडद्याला कुठे पातळपणा, जुनी चीर किंवा छिद्र आहे का?
- माझ्या वयाला आणि नंबरला पडदा सरकण्याचा धोका किती?
- मोतीबिंदू होण्याची शक्यता किती, आणि झाला तर पुढे काय?
- फक्त फ्लोटर्ससाठी तुम्ही हा उपचार किती वेळा केला आहे?
- सगळा खर्च किती? विमा कंपनी किंवा शासकीय योजनेत तो बसतो का?

शेवटच्या प्रश्नासाठी, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. त्यांच्याकडे आधी चौकशी करा. दुसरे मत घेण्यात संकोच बाळगू नका. इथे घाई नाही, त्यामुळे त्यासाठी वेळ आहे. आणि ‘पूर्ण सुरक्षित, शंभर टक्के खात्री’ असे कोणी सांगत असेल तर दुसरे मत जरूर घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मोबाइल जास्त पाहिल्याने फ्लोटर्स होतात का?*
नाही. उजळ स्क्रीनवर ते जास्त दिसतात एवढेच. डोळे कोरडे होण्यासाठी आणि थकण्यासाठी मात्र मोबाइल कारणीभूत ठरतो.

*फ्लोटर्समुळे अंधत्व येते का?*
फ्लोटरमुळे नाही. फ्लोटर ज्याचे लक्षण असू शकतो ती पडद्याची चीर किंवा रक्तस्राव दुर्लक्षित राहिला तर नजर जाऊ शकते.

*माझे फ्लोटर्स दहा वर्षांपासून तसेच आहेत. घाबरावे का?*
नाही. जुने आणि न बदलणारे फ्लोटर्स सहसा काळजीचे नसतात. त्यांची संख्या, आकार अचानक बदलला किंवा चमक दिसू लागली तर ते नवे लक्षण समजून लगेच तपासा. मायनस नंबर मोठा असेल किंवा मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

*मुलांना फ्लोटर्स दिसतात का?*
क्वचित. लहान मूल अशी तक्रार करत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा, कारण त्या वयात सूज किंवा इजा आधी वगळावी लागते.

थोडक्यात

नवा फ्लोटर आला तर तपासणीत उशीर नको. बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्या आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा जा. पडदा सुरक्षित आहे हे कळल्यावर घाई सोडा. सहा महिने द्या, त्रास लिहून ठेवा, उजेड आणि स्क्रीन सांभाळा. त्यानंतरही तुमचे महत्त्वाचे काम अडत असेल तर लेसर आणि शस्त्रक्रिया हे दोन्ही खरे पर्याय आहेत. त्यांची किंमत समजून, तुमच्या डोळ्याची स्थिती जाणणाऱ्या डॉक्टरांसोबत बसून निर्णय घ्या. आणि उपचार न करण्याचे ठरवले तरी तो निर्णयही तितकाच योग्य असू शकतो.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही.